विजेरीची छटा आणि पाण्याचा आकडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून रेनकोट, बूट आणि विजेऱ्या यांच्या खरेदीविषयी लेख येऊ लागतात, आणि आपल्या पुरवणीतही नुकताच तसा एक लेख वाचनात आला. लेख उपयुक्त होता. पण त्यातल्या तक्त्यात प्रत्येक एलईडी विजेरीपुढे लुमेन (म्हणजे एकूण उजेडाचे माप), किंमत आणि बॅटरीची क्षमता एवढेच रकाने होते. चांगली विजेरी आणि नुसती भगभगीत विजेरी यांतला फरक ज्या दोन गोष्टींवरून कळतो, त्या म्हणजे उजेडाची छटा आणि पाण्यापासूनचे संरक्षण. त्या मात्र ‘पांढरा प्रकाश’ आणि ‘वॉटरप्रूफ’ एवढ्यावरच उरकल्या होत्या. माझे म्हणणे इतकेच आहे की या दोन्ही गोष्टी मोजता येतात, चांगले उत्पादक त्यांचे आकडे देतातही, आणि जो विक्रेता विचारूनही ते सांगत नाही त्याचा माल तुलनेच्या तक्त्यात घेण्याचे कारण नाही.

लुमेनविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यावर सगळेच लिहितात. काही शे रुपयांच्या विजेरीवर ‘एक लाख लुमेन’ असे बिनदिक्कत छापलेले असते. प्रत्यक्ष वापरात वॅटमागे साधारण १०० लुमेन मिळतात असे धरले, तर एक लाख लुमेनसाठी हजार वॅट लागतील. आणि १८६५० या मापाच्या उत्तम लिथियम-आयन सेलमध्ये ३,५०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे जेमतेम साडेबारा वॅट-तास ऊर्जा मावते. तो सेल अशा विजेरीला पाऊण मिनिट पुरेल. अशा थापांना आळा बसावा म्हणून अमेरिकेत २००९ साली विजेऱ्यांसाठी ‘एफएल-१’ हे मानक तयार झाले आणि आज जगभरचे नामवंत उत्पादक त्यानुसार आकडे छापतात. त्यात लुमेन आहेत, झोताची तीव्रता आहे, झोताचा पल्ला आहे (जिथे उजेड ०.२५ लक्स, म्हणजे निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो तिथपर्यंतचे अंतर), चालण्याचा वेळ आहे, पडल्यावर टिकणे आहे आणि पाण्यापासूनचे संरक्षणही आहे. छटा मात्र त्यात नाही. त्यामुळे मानक पाळणाऱ्या कंपनीलाही छटेबद्दल गप्प बसता येते, आणि बहुतेक कंपन्या बसतात.

छटेचा प्रश्न मुळात येतो कोठून, हे समजून घ्यायला हवे. पांढरा एलईडी आतून पांढरा नसतो. ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळा प्रकाश देणारी चिप आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा थर, अशी त्याची रचना असते. निळ्याचा काही भाग थरातून तसाच बाहेर पडतो, उरलेल्याचे रूपांतर पिवळ्या प्रकाशात होते आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरे दिसते. ज्या निळ्या एलईडीमुळे हे शक्य झाले त्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. यांपैकी नाकामुरा ज्या निचिया या जपानी कंपनीत काम करीत होते, तिचेच २१९बी आणि ५१९ए हे एलईडी आज छटेच्या बाबतीत चोखंदळ असलेली मंडळी मागून घेतात. फॉस्फरचा थर पातळ असेल तर निळे जास्त उरते आणि उजेड थंड, निळसर होतो; थर जाड किंवा वेगळ्या मिश्रणाचा असेल तर उजेड उबदार होतो. हे थंड-उबदारपण केल्विनमध्ये सांगतात. जुन्या तारेच्या बल्बचे रंगतापमान २,७०० केल्विनच्या आसपास, दुपारच्या उन्हाचे सुमारे ५,५००, आणि स्वस्त विजेऱ्यांचे बहुधा ६,५०० किंवा त्याहूनही वर असते.

पण केल्विन हा छटेचा अर्धाच हिशेब झाला. दोन विजेऱ्यांवर ५,००० केल्विनच लिहिलेले असूनही त्या पांढऱ्या भिंतीवर शेजारी शेजारी टाकल्या, तर एकीच्या उजेडाला कच्च्या लिंबाच्या सालीसारखी हिरवट झाक असते आणि दुसरीच्या उजेडाला हलकी गुलाबी. ही झाक मोजण्याचे जे एकक आहे त्याला ‘डीयूव्ही’ म्हणतात: आकडा शून्याच्या वर गेला की हिरवट, खाली गेला की गुलाबी, आणि ०.००६ इतका किरकोळ वाटणारा फरकही भिंतीवर स्पष्ट दिसतो. उत्पादकांचा कल हिरव्याकडे का असतो याचे कारण सरळ आहे. माणसाच्या उजेडाला सरावलेल्या डोळ्याची संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरला, म्हणजे हिरव्याच्या पट्ट्यात, सर्वाधिक असते आणि लुमेन हे एकक त्याच संवेदनशीलतेवर बेतलेले आहे. साहजिकच तेवढ्याच विजेत थोडा हिरवट उजेड दिला की लुमेन वाढतात. खोल तांबडा प्रकाश द्यायला वीज तर लागते, पण लुमेनच्या हिशेबात त्याची फारशी भर पडत नाही. म्हणजे खोक्यावरचा मोठा आकडा काही वेळा उजेडाचा दर्जा कमी करूनच मिळवलेला असतो, आणि तो आकडा पाहून खरेदी करणारे आपण त्याची शाबासकी देत असतो.

तिसरी गोष्ट रंग खरे दिसण्याची. त्यासाठी ‘सीआरआय’ हा निर्देशांक वापरतात. साध्या थंड एलईडीचा सीआरआय ७० च्या आसपास असतो, चांगल्यांचा ९० च्या वर. मात्र या निर्देशांकातही एक पळवाट आहे: तो आठ फिकट रंगांच्या सरासरीवरून काढतात आणि गडद तांबडा रंग, ज्याला ‘आर-९’ म्हणतात, त्या आठांत धरलाच जात नाही. त्यामुळे सीआरआय ८० असलेल्या विजेरीचा आर-९ शून्याच्या जवळपास असू शकतो आणि ७० वालीचा तर ऋणही येतो. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. घरातल्या एका ताटलीत हळद आणि कुंकू शेजारी शेजारी ठेवावे, बाजूला आपला तळहात धरावा आणि खोलीत अंधार करून विजेरी लावावी. तांबडा नीट दाखवणाऱ्या विजेरीत कुंकू कुंकवासारखेच दिसते आणि तळहाताखालचे रक्त जाणवते. ज्या विजेरीत तांबडा कमी, तिच्यात कुंकू मातकट तपकिरी होते, हळदीला हिरवट झाक येते आणि हात आजारी माणसाचा वाटतो. दुकानात हा प्रयोग केला तर दुकानदार विचित्र नजरेने पाहतो, पण करावा.

हे सारे हौशी लोकांचे लाड आहेत असे कोणी म्हणेल, म्हणून शेताकडे वळतो. आपल्याकडे शेतीपंपाची वीज अनेक भागांत आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते आणि माणसाला हातात बॅटरी घेऊन दारे धरायला जावे लागते. उसाच्या पाचटात, गव्हाच्या वाफ्याच्या बांधावर किंवा स्टार्टरच्या पेटीखाली घोणस असेल, तर ती दिसायची कशावरून? तिचे अंग वाळल्या पाचटाच्याच रंगाचे, आणि वेगळेपण असते ते अंगावरच्या गडद तपकिरी, काळसर कडांच्या साखळीत. तपकिरी रंगांतले हे सूक्ष्म फरक डोळ्याला कळतात ते बऱ्याच अंशी प्रकाशातल्या तांबड्या-नारिंगी भागामुळे. तोच भाग ज्या उजेडात तुटपुंजा आहे त्यात पाचट, माती आणि साप एकाच करड्या रंगाचे होऊन जातात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले असावेत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे, आणि त्यांतले बहुसंख्य ग्रामीण भागातले आहेत. चांगल्या छटेची विजेरी हा त्यावरचा इलाज आहे असा माझा दावा नाही. पायात बूट आणि हातात काठी यांना पर्याय नाहीच. पण पायापुढचे चार फूट ज्या उजेडात पाहायचे, तो उजेड निवडताना या गोष्टीचा विचार होऊ नये, हे मला पटत नाही. उबदार उजेडावर किडे-पाखरेही तुलनेने कमी येतात, हा आणखी एक फायदा. डोक्याला विजेरी बांधून काम करणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक असते.

गडांवर पावसाळ्यात जाणाऱ्यांचा अनुभव वेगळा नाही. कातळावर रंगवलेले दिशादर्शक बाण उन्हापावसाने फिके पडलेले असतात, आणि ओल्या काळ्या बेसाल्टवरचा फिका तांबडा बाण निळसर झोतात सहज सुटून जातो. मात्र येथेच एक गैरसमजही दूर करायला हवा. पिवळा उजेड धुके कापतो, असे ट्रेकरांच्या गप्पांत नेहमी ऐकू येते. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे असतात, आणि एवढ्या मोठ्या थेंबांवरून निळा प्रकाश काय नि पिवळा काय, जवळजवळ सारखाच विखुरतो. धुक्यात फरक पडतो तो रंगाने नव्हे, तर झोत कोठून येतो त्याने: डोक्यावरच्या विजेरीचा प्रकाश डोळ्यांच्या अगदी लगत निघून थेंबांवरून थेट डोळ्यांत परततो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते, तीच विजेरी हातात घेऊन कमरेच्या उंचीवर धरली की वाट दिसू लागते. उबदार छटेची बाजू मी मनापासून घेतो, पण या खोट्या कारणासाठी नाही.

छटेबद्दल शेवटचे एक निरीक्षण. काही विजेऱ्यांच्या झोताचा मधला ठिपका एका रंगाचा, त्याभोवतीचे कडे पिवळट-हिरवे आणि कडेचा पसरट उजेड जांभळट असतो. चिपमधून तिरका निघणारा प्रकाश फॉस्फरच्या थरातून जास्त अंतर कापतो आणि जास्त पिवळा होतो, त्यातून हे घडते. क्री या एलईडी बनवणाऱ्या कंपनीच्या एक्सएचपी-५०.२ सारख्या अतिशय कार्यक्षम एलईडींमध्ये हा दोष ठळक दिसतो. आतला परावर्तक आरशासारखा गुळगुळीत न ठेवता संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत ठेवला, की रंग मिसळतात आणि पल्ला थोडा घटतो. शिवाय बरेच एलईडी मंद उजेडावर जास्त हिरवट होतात. म्हणून विजेरी दुकानात फक्त कमाल उजेडावर लावून पाहणे पुरेसे नाही. रात्रभर आपण जो मंद उजेड वापरणार, त्यावरच ती भिंतीवर टाकून पाहावी.

आता पाण्याकडे. ‘वॉटरप्रूफ’ असा नुसता उल्लेख असेल तर तो काहीच न लिहिल्यासारखा समजावा. पाण्यापासूनच्या संरक्षणाची प्रतवारी आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेली आहे आणि भारतीय मानक ब्युरोने ते मानक आयएस/आयईसी ६०५२९ म्हणून स्वीकारलेले आहे. तेव्हा ही मागणी परदेशी चोचल्यांची नाही. ‘आयपी’पुढचा पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ‘आयपीएक्स-७’ मधला एक्स म्हणजे धुळीची चाचणी जाहीर केलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. धूळ आत जाते असा नव्हे. पाण्याच्या अंकांत ४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणारे शिंतोडे, ५ आणि ६ म्हणजे नळीतून मारलेला फवारा (सहासाठी साडेबारा मिलिमीटरच्या तोंडातून मिनिटाला १०० लिटर), ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि ८ म्हणजे त्याहून कठोर अशी, पण उत्पादकाने स्वतः जाहीर केलेली खोली आणि वेळ.

यातल्या दोन खाचाखोचा खरेदीदाराला कोणी सांगत नाही. पहिली अशी की हे अंक सर्वस्वी चढत्या पायऱ्या नाहीत. ७ अंकाची विजेरी ६ अंकाची चाचणी आपोआप उत्तीर्ण होते असे नाही, कारण शांत पाण्याचा दाब आणि जोराने आपटणाऱ्या धारेचा मारा या भिन्न गोष्टी आहेत. ज्याने दोन्ही चाचण्या केल्या तो उत्पादक ‘आयपीएक्स-६/आयपीएक्स-७’ असे दोन्ही लिहितो. घाटमाथ्यावरच्या आडव्यातिडव्या पावसात चालणाऱ्याला ६ हवा, विहिरीवर किंवा ओढ्यात काम करणाऱ्याला ७, हे ध्यानात ठेवावे. दुसरी अशी की ८ हा अंक एकट्याने काही सांगत नाही. एक कंपनी दोन मीटरसाठी ८ लिहिते, दुसरी दहा मीटरसाठी ८ लिहिते, आणि तक्त्यात दोन्ही सारख्याच दिसतात. खोली आणि मिनिटे छापलेली नसतील तर ८ पेक्षा स्पष्ट लिहिलेला ७ मला अधिक विश्वासार्ह वाटतो. आणि ८ लिहिले म्हणून ती पाणबुड्याची विजेरी होत नाही. चाचणीत ती नवीकोरी, गोड्या पाण्यात, बटणाला हात न लावता स्थिर ठेवलेली असते.

प्रत्यक्षात पाणी शिरते कोठून, तर तीन जागांतून: डोके, नळी आणि शेपटी जिथे आट्यांनी जोडलेली असतात तेथील ओ-रिंग (पाणी अडवणारी लवचिक गोल कडी), बटणावरची रबरी टोपी, आणि अलीकडे चार्जिंगच्या खाचेवरची रबरी झडप. तिसरी जागा सर्वांत कच्ची. झडप नीट दाबली गेली नाही किंवा वापराने सैल झाली की खोक्यावरचा अंक निरर्थक ठरतो. माझ्याकडच्या एका विजेरीत पहिल्याच पावसाळ्यात याच झडपेतून पाणी जाऊन काचेमागे थेंब जमले, आणि विक्रेत्याने ‘पाणी गेल्यास हमी लागू नाही’ असे उत्तर दिले. वॉटरप्रूफ म्हणून विकलेल्या वस्तूला ही अट कशी काय लागू होते, हे मला अजून उमगलेले नाही.

आणखी एक कारण कमी लोकांच्या लक्षात येते. कमाल उजेडावर चालणारी विजेरी हाताला चटका बसेल इतकी तापते आणि आतली हवा प्रसरण पावते. त्यातली थोडी ओ-रिंगपाशी वाट काढून बाहेर गेली आणि लगेच गार पाऊस तिच्यावर पडला, की आतला दाब एकदम घटतो आणि ओ-रिंगच्या भोवतीचे पाणी आत ओढले जाते. बादलीतल्या थंड चाचणीत टिकलेली विजेरी पावसात दगा देते ती अशी. उलटही घडते: भर पावसात सेल बदलताना दमट हवा आत कोंडली जाते, झाकण घट्ट लावल्यामुळे तिला बाहेर पडता येत नाही, आणि रात्री काच गार झाली की आतूनच वाफ धरते. अशा वेळी विजेरी गळकी आहे असे समजून लोक तिला नावे ठेवतात, पण तो तिच्या घट्टपणाचाच परिणाम असतो. सेल शक्यतो कोरड्या आडोशाला बदलावा, ओ-रिंगवर वर्षातून एक-दोनदा सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात फिरवावा (ओ-रिंगच सिलिकॉनची असेल तर मात्र तो लावू नये, ती फुगते), आणि आट्यांत अडकलेली रेती आधी पुसून काढावी. कोकणकिनाऱ्यावर विजेरी वापरणाऱ्यांनी ती गोड्या पाण्याने धुऊन पुसावी. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या उघड्या आट्यांवर पांढरी भुकटी धरते आणि ती ओ-रिंग कापते.

या दोन गोष्टींची एकत्र तुलना केली की बाजाराचे एक चमत्कारिक चित्र दिसते. ज्या विजेऱ्या पाण्यात पक्क्या आणि आपटून न फुटणाऱ्या म्हणून विकल्या जातात, त्यांतल्या पुष्कळांत अजून थंड, हिरवट झाकेचे एलईडी असतात. आणि ज्या छोट्या उत्पादकांकडे हवा तो एलईडी, हवे ते रंगतापमान निवडून मागता येते, त्यांच्यातल्या अनेकांच्या पाण्याच्या अंकामागे खोली-मिनिटांचा तपशील सापडत नाही. दोन्ही सांभाळणारे उत्पादक आहेत, पण थोडे. झेब्रालाइट मॉडेलच्या नावापुढे ‘डब्ल्यू’ आणि ‘सी’ ही अक्षरे लावून उबदारपणा आणि उच्च सीआरआय वेगळा दाखवते. आर्मीटेक एकाच विजेरीची थंड आणि उबदार अशी दोन रूपे विकते आणि उबदार रूपाचे लुमेन कमी आहेत हे लपवत नाही. हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो, कारण लुमेनमधली दहा-पंधरा टक्क्यांची घट डोळ्याला सहसा कळतच नाही. उजेड दुप्पट वाटायला तो साधारण चौपट व्हावा लागतो.

निवड करायचीच झाली तर माझे मत असे. रब्बीत रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याला पावसाची भीती फारशी नसते, त्याने छटेला आधी पाहावे: ४,००० ते ५,००० केल्विन, सीआरआय ९० च्या वर, झोत अरुंद नव्हे तर पसरट, पाण्याचा अंक ४ असला तरी चालेल, पण विजेरी पाटात पडण्याची सवय असेल तर ७ घ्यावा. पावसाळी ट्रेक करणाऱ्याला दोन्ही हवेत आणि तेथे मी आधी पाणी पाहीन, कारण बंद पडलेल्या विजेरीला छटा नसते. पण दोन मीटरच्या पुढच्या खोलीसाठी जादा पैसे मोजणार नाही, ते चांगल्या एलईडीवर घालीन.

आपल्याकडे मागणी आहे ती अशी. सीलबंद मालाच्या पाकिटावर काय छापावे याचे २०११ चे वैधमापन नियम किंमत, महिना-वर्ष, उत्पादक किंवा आयातदाराचा पत्ता यांवर बोट ठेवतात. विजेरीचे रंगतापमान, सीआरआय किंवा पाण्याचा अंक त्यांत येत नाही, आणि नियम बदलायला वेळ लागेल. तोपर्यंत आपल्या पुरवणीच्या पुढच्या तक्त्यात लुमेनच्या शेजारी केल्विन, सीआरआय आणि ‘किती खोल, किती मिनिटे’ असे तीन रकाने वाढवावेत, आणि ज्या कंपनीने माहिती दिली नाही तिच्या रकान्यात ‘माहिती दिली नाही’ असेच छापावे. नगरपालिकांचे आपत्ती व्यवस्थापन कक्ष आणि वन विभाग यांनीही विजेऱ्यांच्या निविदा काढताना ‘वॉटरप्रूफ, पांढरा प्रकाश’ एवढ्यावर न थांबता हेच तीन आकडे मागावेत. पुराच्या पाण्यात किंवा जंगलाच्या वाटेवर ती विजेरी वापरणारा कर्मचारी स्वतः ती निवडत नसतो.

आपला विश्वासू,
एक वाचक, सातारा